बाण होता, दादा

दादा, बाण होता.

दुसरं काही लिहिण्याआधी हे लिहून टाकते. काल तुझा तेरावा झाला, आज पाहुणे पांगले, वहिनी जरा आडव्या झाल्यात आणि मी फरासखान्याच्या ओट्यावर वही घेऊन बसले आहे. सात वर्षं तू मला एवढंसं भांडण जिंकू दिलं नाहीस. मी म्हणायची, भिंतीवर मी खडूने "खाली" लिहिलं आणि त्याच्या शेजारी बाण काढला होता, टोक जमिनीकडे. तू म्हणायचास, "नव्हता गं छबू. तू विसरून राहिलीस." मग मी चिडायची, तू हसायचास आणि वहिनी म्हणायच्या, आधी दोघं जेवून घ्या, बाण कुठे पळून जात नाही. होता, दादा. साक्षीदार मिळाला आहे. त्याचं नाव नंतर सांगते, कारण आधी सांगितलं तर तू लगेच विषय बदलशील.

इतके दिवस लोक बसायला येत होते. घरात जागा पुरेना म्हणून भाच्यांनी इथेच मधल्या खणात चादर अंथरली. ती तू पाहिली असतीस तर काय बोलला असतास ते मला इथे लिहवत नाही. नुसत्या सुरकुत्या. एक टोक भिंतीवर चढलेलं, दुसरं दोन हात आखूड. लोक येत होते, तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते, डोळे पुसत होते आणि माझं लक्ष सगळं त्या चादरीकडे. शेवटी वहिनीच रडता रडता उठल्या आणि त्यांनी एक कोपरा धरून ओढला. मी दुसरा धरला. बसलेली माणसं बिचारी उठून कडेला उभी राहिली. आम्ही दोघींनी चादर वर उडवली, तिच्यात हवा भरू दिली आणि ती सगळी एकदम खाली उतरू दिली, तू शिकवलंस तशी. मग आम्ही पुन्हा रडायला बसलो.

आपण फरास. हा शब्द मी आज पहिल्यांदा माझ्या हाताने लिहिते आहे आणि त्याची मला लाज वाटते. शब्दाची नव्हे, उशिराची. दरबाराच्या सतरंज्या, गालिचे, तंबू, कनाती सांभाळायच्या. पाहुणे आले की अंथरायच्या, गेले की झटकून, आत तंबाखूची पानं घालून गुंडाळून ठेवायच्या. आजोबांनी तेच केलं, आबांनी तेच केलं आणि तू त्या कामाचा शेवटचा जमादार. देवासच्या शाळेत कुणी विचारलं की मी सांगायची, "भाऊ धारच्या दरबारात होते." लोकांना वाटायचं, कारभारी असतील, फडणीस असतील. मी वाटू द्यायची. आणि तू? धारच्या बसस्टँडवर कंडक्टरला धरून सांगायचास, "भिया, ही माझी बहीण. देवासला मास्टरनी आहे. हिला पुढची सीट दे."

एकोणिसाव्या वर्षी मी पांढऱ्या कपाळाने परत आले तेव्हा तू मला चुलीशी बसवलं नाहीस. पाटी दिलीस. घरात कोण काय बोललं ते मला वहिनींनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस. तुझं हे न सांगण्याचं वेड जुनंच होतं, मला ते फार उशिरा कळलं.

संस्थान विलीन झालं तेव्हा सरकारची माणसं आली, याद्या झाल्या आणि गालिचे, शामियाने गाड्यांवर चढून गेले. फरासखान्याची किल्ली तेवढी तुझ्याकडे राहिली, कारण ती मागायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. दोन वर्षं तू रोज सकाळी येऊन तीन रिकामे खण झाडत होतास. इमारत ती केवढी! दगडी, बुटकी, तळ्याकडे तोंड केलेली. पुढे तीन कमानी, मागे आंधळी भिंत, तुळयांना लोखंडी कड्या, आणि मधल्या खणात वीतभर उंच चौथरा. ओले तंबू त्या चौथऱ्यावर ठेवायचे म्हणजे जमिनीची ओल लागत नाही. वास मात्र सगळीकडे तंबाखूच्या पानांचा. मग एके दिवशी नोटीस लागली की इथे सिमेंटचं गोदाम होणार.

तू कोट घालून कचेरीत गेलास. ग्वाल्हेरकडून नवे साहेब आले होते. तुझ्या तोंडून सवयीने "हुजूर" निघालं तर ते म्हणाले, "अब हुजूर कोई नहीं है, बोलिए." तू म्हणालास, "हुजूर, मांडू देखने बड़े-बड़े लोग आते हैं. धार में उनके उतरने की ढंग की जगह नहीं. फरासखाने में मेहमान ठहराइए." चालवणार कोण, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालास, "पीढ़ियों से वही तो कर रहे हैं."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस, कचेरीतल्या शिपायाने सांगितलं. मला ते वाक्य इतकं आवडतं की मी ते मनात तुझ्याच आवाजात म्हणून बघते.

कागद आला. चुना-विटा सरकारच्या, हात आपले. मोठ्या लोकांना भाड्याने द्यायला तीन खोल्या, प्रत्येकीला न्हाणीघर. साहेब स्वतः येऊन पाहणार, पसंत पडलं तर फरासखाना तुझ्याकडे, नाही तर सिमेंटची पोती. तू तो कागद मला देवासला पाठवलास आणि खाली तुझ्या वेड्यावाकड्या अक्षरात एवढंच, "छबू सुट्टीत ये. तुझं डोकं पायजे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आले आणि नकाशा काढला. तीन खण, तीन खोल्या. शाळेच्या वहीवर पट्टीने आखला, फार शहाणी होते मी. तू नकाशा उलटा धरून पुष्कळ वेळ पाहिलास आणि म्हणालास, "मधला खण मोकळा ठेवू या ना. माणूस मोटारीतून धुळीनं भरून येतो. त्याला आधी बसायला पायजे. झोपायचं मग."

"कागदात तीन लिहिल्यात, दादा."

"बरोबर आहे. पण मोठ्या माणसाला मोठी जागा पायजे. खोलीत कोंडलं तर तो काय मोठा राहिला?"

"कागद वाच! दोन खोल्या दाखवल्या तर साहेब उभ्या उभ्या परत जाईल आणि तू पोती मोजत बसशील."

तू गप्प झालास. तू गप्प झालास म्हणजे हरलास, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

भेराजी मिस्त्री तुझा दोस्त. चुन्यात गूळ आणि मेथीचं पाणी घालून तो घाणीवर दळायचा आणि बोटाने चाखून सांगायचा, "अबी कच्चो है." तो नुकताच रात्रशाळेत वाचायला शिकला होता, आणि जे दिसेल ते मोठ्याने वाचायचा, दुकानांच्या पाट्यासुद्धा. म्हणून तू म्हणालास, भिंतींवर लिहून ठेव, म्हणजे तू देवासला गेलीस तरी भेराजी वाचून काम करील. मी सगळं आठवणीने हिंदीत लिहिलं. कडेच्या दोन खणांत "कमरा". त्यांच्या कमानींवर "दीवार", जागोजागी "नल", "दरवाजा". मधल्या खणात पोचले तेवढ्यात बाहेरून तुझी हाक आली की बस सुटते. तिथला चौथरा खोदून उतरवायचा होता, म्हणजे तिन्ही खोल्यांची जमीन सारखी झाली असती. मग वर "कमरा" लिहायचं होतं. मी घाईत मागच्या भिंतीवर "खाली" लिहिलं, जमिनीकडे बाण काढला, आणि धावले. बसमध्ये बसल्यावर बोटांना खडू लागलेला होता. बाण काढल्याशिवाय का इतका खडू लागतो?

राखीला परत आले. हातात राखी, पिशवीत नारळ, आणि फाटकातूनच दिसलं की कडेच्या दोन कमानी बुजवून सुरेख भिंती उभ्या आहेत, दारं बसली आहेत, आणि मधली कमान सताड उघडी. चौथरा जागच्या जागी. नळ नाही, न्हाणी नाही, काही नाही. मी भेराजीवर अशी ओरडले की तळ्यावर धुणं धुणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या.

त्याने मला हाताला धरल्यासारखं भिंतीपाशी नेलं. "बाई, तमनेज लिख्यो है. बाँचो. खा-ली. तो म्हने खाली छोड़ी दियो."

मी वाचलं. मराठीत वाचलं, मग हिंदीत वाचलं. एका भाषेत जमीन उतरवा, दुसरीत रिकामी सोडा. आयुष्यभर दोन्ही बोलत आले आणि पोरांचं शुद्धलेखन तपासत आले, आणि माझ्याच अक्षराने आपला फरासखाना घालवला होता. मी म्हटलं, "आणि बाण? बाण कुठाय?" भिंतीवर बाण नव्हता. भेराजी वर तुळईकडे बघायला लागला. तू म्हणालास, "नव्हता गं."

इथून ते भांडण सुरू झालं.

त्या दिवशी मी तिसऱ्या प्रहरापर्यंत तुला राखी बांधली नाही. भिंत घालून घ्या, रात्रंदिवस काम करा, असं म्हणत होते. तू शांतपणे सांगितलंस की साहेबांचा निरोप आलाय. पावसाळ्यात मांडू बघायला ते बायकोला घेऊन निघालेत, आठव्या दिवशी इथे उतरणार. दमट हवेत चुना वाळायला महिना जातो. आता जे आहे ते आहे. मग मनगट पुढे केलंस आणि म्हणालास, "बांध. आणि जरा माझं काम बघ."

आणि मी बघितलं, दादा. आठ दिवस सुट्टी काढून बघितलं. जन्मभर ज्या कामाचं नाव मी देवासात घेतलं नव्हतं ते पहिल्यांदा समोर बसून बघितलं. गालिचे धूळ झटकायला ज्या कड्यांना टांगत, त्याच कड्यांना तू मच्छरदाण्या टांगल्यास, अशा ताणून, की प्रत्येक पलंगावर एक छोटा डेरा उभा राहिला. खिडक्यांना वाळ्याचे पडदे. न्हाणीत तांब्याचा बंब, घासून असा की त्यात वहिनींनी कुंकू नीट केलं. कमोड मात्र इंदूरहून आला तेव्हा तू त्याच्याकडे तोंड वाकडं करून बघितलंस आणि त्यालाही टॉवेल किती अंतरावर हवा ते बसून बघून ठरवलंस. मी हसून हसून दाराशी बसले.

शेवटी मधला खण. मला वाटलं, तू तिथे खुर्च्या-टेबलं मांडून लाज झाकशील. तू एकही वस्तू आणली नाहीस. चौथऱ्यावर आधी गवताची चटई, तिच्यावर जाजम, जाजमावर पांढरीशुभ्र चादर, भिंतीला तीन लोड. बस. चादर अंथरून झाल्यावर तू पाय धुऊन आलास, गुडघ्यावर बसलास आणि बंडीच्या खिशातून काचेची हिरवी गोटी काढलीस. ह्या टोकाकडून सोडलीस. ती सरळ, आवाज न करता, कुठेही न अडखळता त्या टोकाला गेली. आबाही असंच करायचे, म्हणालास. गोटी अडली तर फरास नापास. मी तुझी सख्खी बहीण, आणि तुझ्या खिशात गोटी असते हे मला तेव्हा कळलं.

साहेब आले. मी दाराआड उभी, पदर दातात. दोघंही चिखलाने माखलेले आणि मोटारीच्या हादऱ्यांनी वैतागलेले. साहेबांनी उतरल्या उतरल्या बोटाने मोजलं. "दो कमरे? कागज में तीन लिखे हैं."

"तीन ही हैं हुजूर," तू म्हणालास. "दो सोने के, एक बैठने का."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, संपलं. पण त्यांच्या बायकोने तोवर चपला काढल्या होत्या. पाय धुवायला तू तांब्या पुढे केलास तो त्यांनी घेतला, चौथऱ्यावर चढल्या आणि पांढऱ्या चादरीवर बसल्या. लोडाला टेकल्या. समोर कमानीतून सगळं तळं. थोड्या वेळाने डोळे मिटून म्हणाल्या, "सुनिए, आप भी बैठिए न." साहेब बूट काढायला खाली वाकले आणि मी दाराआड श्वास सोडला. मग बाईंना चादरीच्या कडेला राहिलेली गोटी सापडली. हे काय, त्यांनी विचारलं. तू सांगितलंस. त्यांनी साहेबांकडे सोडली, साहेबांनी परत त्यांच्याकडे. दोन मोठी माणसं लहान पोरांसारखी खेळत बसली आणि वहिनींचा भुट्ट्याचा कीस गार व्हायला लागला.

जेवताना साहेबांनी विचारलं, "यह बीच वाला हिस्सा खुला रखने का खयाल किसका था?"

तू दाराकडे बोट केलंस. "हमारी बहन का. मास्टरनी है देवास में. दीवार पर उसी का हाथ है, देख लीजिए."

ते खरंच उठून बघून आले. पेन्सिलीने कागदावर "स्वीकृत" लिहिलं. आणि मी सात वर्षं असं समजत राहिले की त्या दिवशी तू तुझ्या मोठ्या मनाने बहिणीची चूक पदरात घेतलीस.

त्यानंतर किती माणसं उतरली इथे! मुंबईचे गिरणीमालक, कलकत्त्याच्या चित्रकार बाई, गोरं जोडपं ज्यांना पलंग देऊनही ती दोघं दुपारभर मधल्या खणातच लोळत पडायची. एका पाहुण्याने वहीत इंग्रजीत लिहिलं की पुष्कळ मोठ्या हॉटेलांत राहिलो, पण इथे पहिल्यांदा वाटलं की माझी कुणी वाट बघत होतं. ते मी तुला मराठीत सांगितलं. तू म्हणालास, परत सांग. मी परत सांगितलं. तू उठून उशांचे अभ्रे बदलायला गेलास.

आता साक्षीदार. दहाव्याला भेराजी आला. तळ्याच्या काठाला पिंड ठेवला होता, कावळा शिवेना. लोक कुजबुजायला लागले की काहीतरी मनात राहिलंय. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दादा, फरासखाना मी सांभाळते, देवासहून बदली मागते. कावळा नाही आला. तेव्हा भेराजी पुढे आला, हात जोडले आणि पिंडाकडे बघून म्हणाला, "दादा, अबे तो बाई ने बतई दूँ?" आणि तिथेच माझ्याकडे वळला.

"बाई, बाण थो. म्हने बाँच्यो, खाली, ने नीचे बाण. म्हने दादा से पूछ्यो, यो कंई, नीचे खोदणो है? दादा थोड़ी देर ऊबा रिया. पछे बाही से बाण पोंछी दियो. बोल्या, अबे बाँच."

तुझ्या सदऱ्याच्या बाहीने, दादा! माझा बाण!

कावळा आला की नाही ते मी बघितलंच नाही. मी हसत होते आणि रडत होते, आणि लोकांना वाटलं हिचं काही खरं नाही. वहिनी नंतर म्हणाल्या, आला, भेराजी बोलून गप्प झाला तशी लगेच आला.

म्हणजे तू हरला नव्हतास. तू मला तोंडावर चूक म्हणाला नाहीस, माझा नकाशा फाडला नाहीस. माझाच शब्द घेतलास आणि त्यातून तुला हवं ते काढलंस. सगळा फरासखाना पणाला लावलास, कारण पाहुण्याला काय लागतं हे कागदापेक्षा तुला जास्त कळतं याची तुला खात्री होती. आणि जमलं तेव्हा श्रेय माझ्या अंगावर टाकून मोकळा झालास. सात वर्षं मला चिडवायला मात्र विसरला नाहीस. लबाडा! मला तुझा इतका अभिमान वाटतो की तुझ्यावर नीट रागावताही येत नाही.

काल कचेरीचा कागद आला. आता नवे साहेब आहेत. पाहुणे वाढलेत, तेव्हा मधल्या भागात तिसरा कमरा काढता येईल का, जागेवर खूण करून कळवावं, मिस्त्री मोजायला येईल. मिस्त्री म्हणजे भेराजीच. तो आज सकाळी आला, टेप घेऊन. ओट्यावर बसला, बिडी काढली आणि न पेटवताच ठेवून दिली. मग खिशातून खडू काढून माझ्यापुढे धरला. "लिखो बाई."

मी पाय धुतले. चौथऱ्यावर चढले. तुझी गोटी आता माझ्या पिशवीत असते, ती आधी ह्या टोकाकडून सोडली; कालची चादर वहिनींनी आणि मी अंथरलेली, अडली नाही. मग मागच्या भिंतीवर, जिथे सात वर्षांपूर्वी लिहिलं होतं तिथेच, मोठ्या ठळक अक्षरात लिहिलं, खाली.

भेराजीने मोठ्याने वाचलं आणि माझ्या हातातल्या खडूकडे बघत थांबला.

मी बाण काढला नाही, दादा.